गोष्ट तीच, पण पडद्यावरची बाई तीच का?

मैत्रिणींनो, एखाद्या ओळखीच्या गोष्टीवर सिनेमा येणार अशी बातमी आली, की घराघरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "चला, आता मजा येणार!" दुसरा म्हणतो, "पुस्तकाचं वाटोळं करणार बघा!" मी शाळेत असल्यापासून सिनेमावेडी आणि तितकीच वाचनवेडी. त्यामुळे माझी या दोन्ही पक्षांत सारखी ये-जा चालू असते.

सध्या तर अशा बातम्यांना तोटाच नाही. नितेश तिवारी यांच्या 'रामायण' या हिंदी चित्रपटाचे दोन भाग जाहीर झाले ते २०२६ आणि २०२७ या दोन दिवाळ्यांसाठी. त्यात रामाच्या भूमिकेसाठी रणबीर कपूर, सीतेसाठी साई पल्लवी आणि रावणासाठी यश यांची नावं जाहीर झाली. तिकडे हॉलिवूडमध्ये ख्रिस्तोफर नोलन यांनी ग्रीकांचं प्राचीन महाकाव्य 'ओडिसी' हाती घेतलं. म्हणजे पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, सिनेमावाल्यांचं मन पुन्हा जुन्या गोष्टींकडेच वळलेलं दिसतं.

असा सिनेमा आला की बहुतेक चर्चा होते ती खर्चाची, दागिन्यांची, नाहीतर अमका नट त्या भूमिकेत शोभतो का याची. मला मात्र दरवेळी वेगळीच काळजी लागते. गोष्ट पुस्तकातून पडद्यावर जाते तेव्हा तिच्यातल्या बाईचं काय होतं? ती जशीच्या तशी पोचते, की वाटेत तिचा निम्मा जीव सांडतो? आज याच विषयावर तुमच्याशी थोडं बोलायचं आहे.

बदल केला म्हणून बिघडलं असं नाही

आधी एक गोष्ट कबूल करू या. पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर येऊ शकत नाही. पाचशे पानांची कादंबरी आपण आठ-दहा दुपारी पुरवून पुरवून वाचतो. सिनेमाला मिळतात अडीच-तीन तास. शिवाय पुस्तकात लेखक सरळ लिहू शकतो की तिच्या मनात अमुक आलं. कॅमेऱ्याला मन दिसत नाही, त्याला फक्त चेहरा दिसतो. तेव्हा काटछाट होणार, पात्रं गळणार, गावं बदलणार. त्याबद्दल दिग्दर्शकाशी भांडण्यात अर्थ नाही.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे 'रजनीगंधा'. मन्नू भंडारी यांची 'यही सच है' ही हिंदी कथा रोजनिशीसारखी लिहिलेली आहे. दीपा नावाची मुलगी, एक सध्याचा प्रियकर, एक पूर्वीचा, आणि तिच्या मनाची चाललेली ओढाताण. सगळी गोष्ट तिच्या डोक्यातच घडते म्हणा ना! कथेत गावं आहेत कानपूर आणि कलकत्ता. बासू चटर्जी यांनी १९७४ साली सिनेमा काढताना केली दिल्ली आणि मुंबई. जुन्या प्रियकराचं नावही बदललं. पण दीपाला धक्का लावला नाही. विद्या सिन्हा टॅक्सीत बसली आहे, शेजारी तो जुना मित्र आहे, दोघांमध्ये वीतभर अंतर, आणि त्या वीतभर अंतरात तिची सगळी घालमेल आपल्याला दिसते. (त्याच प्रसंगातल्या गाण्यासाठी मुकेश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.) शेवटी निशिगंधाची फुलं घेऊन संजय दारात उभा राहतो, तेव्हा दीपाला वाईट चालीची ठरवावं असं कुणाच्याही मनात येत नाही. एकाच वेळी दोन माणसांकडे ओढ वाटणारी मुलगी, तीही साधी, शिकलेली, आपल्यातली! १९७४ साली ही काही लहान गोष्ट नव्हती.

गावं बदलली, नावं बदलली, तरी बाई शाबूत राहिली. माझ्या हिशोबी हा सिनेमा पुस्तकाशी प्रामाणिक.

नवरा वाईट असायलाच हवा का?

आता याच्या उलट गंमत बघा. 'गाइड' तुम्ही पाहिला नसेल असं होणार नाही. १९६५ सालचा, विजय आनंद यांचा. वहिदा रेहमानची रोझी विसरता येते का? पण मूळची आर. के. नारायण यांची १९५८ सालची इंग्रजी कादंबरी वाचलीत तर चकित व्हाल. मालगुडी हे त्यांचं दक्षिणेतलं काल्पनिक गाव सिनेमात राजस्थानात गेलं, ते सोडून द्या. खरा फरक आहे रोझीच्या नवऱ्यात. कादंबरीतला हा संशोधक आपल्या गुहा आणि भित्तिचित्रं यांत बुडालेला आहे. कोरडा आहे, बायकोकडे आणि तिच्या नाचाकडे त्याचं लक्ष नाही. पण त्याची दुसरी कुणी बाई नाही. सिनेमात मात्र रोझी त्याला दुसऱ्या बाईबरोबर पकडते आणि मगच त्याला सोडून जाते.

का बरं केला असेल हा बदल? उत्तर सोपं आहे. नायिकेने नवऱ्याला सोडायचं तर तिच्यावर बोल यायला नको! नवरा बदफैली दाखवला की प्रेक्षकांची सहानुभूती पक्की. नुसतं "इथे माझा जीव गुदमरतो" एवढं कारण पुरेसं नाही असं सिनेमावाल्यांना वाटलं. नारायण यांना हा सिनेमा पटला नव्हता आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. मला स्वतःला 'गाइड' अतिशय आवडतो. पण हा एवढा बदल दरवेळी टोचतो. कारण तो बदल रोझीसाठी केलेला नाही, तुमच्या-माझ्या भीतीपोटी केलेला आहे.

आणि म्हणूनच 'उंबरठा' मला मोठा वाटतो. शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी, विजय तेंडुलकर यांची पटकथा, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, साल १९८२. यातली सुलभा घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून दूर गावी जाते तेव्हा तिच्या घरात काय कमी आहे? खाऊन-पिऊन सुखी घर, वकील नवरा, लहान मुलगी. नवरा मारकुटा नाही, दारुडा नाही. गिरीश कार्नाडांनी केलेला हा नवरा चारचौघांसारखा चांगलाच म्हणायचा. तरीही तिला आपल्या शिक्षणाचं चीज करावंसं वाटतं, काम करावंसं वाटतं. बस्स, एवढंच कारण! पुढे ती परत येते तेव्हा घर तिचं उरलेलं नाही हे तिला कळतं आणि ती पुन्हा बाहेर पडते.

हा सिनेमा पाहून आलेल्या बायकांमध्ये अजूनही वाद होतात. "मुलीला टाकून जाणं बरोबर का?" असं एक जण म्हणते, "पुरुष गेला असता तर विचारलं असतं का?" असं दुसरी. मला वाटतं, असा वाद घरी आणता आला की सिनेमाने मूळ पुस्तकाचं देणं फेडलं. स्मिता पाटीलने सुलभाला देवी केलं नाही आणि कुलटाही केलं नाही. तिने तिला माणूस केलं.

नव्वद वर्षांपूर्वीचं धाडस

तुम्ही म्हणाल, "अहो, उंबरठा म्हणजे तसा अलीकडचा. जुन्या काळी कुठे होतं असलं काही?" होतं तर! प्रभातचा 'कुंकू' १९३७ सालचा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेला. पोरकी नीरा, फसवून लावून दिलेलं लग्न आणि समोर बापाच्या वयाचे काकासाहेब. ही मुलगी रडत बसत नाही. हे लग्नच मला मान्य नाही, असं ती त्या घरात राहून ठणकावून सांगते. शांता आपटे यांचा तो ताठा आजही बघण्यासारखा आहे.

या सिनेमात मला विशेष वाटतं ते असं की म्हाताऱ्या नवऱ्यालाही राक्षस केलेलं नाही. केशवराव दाते यांचे काकासाहेब हळूहळू स्वतःच्या नजरेतून उतरत जातात, त्यांना आपला अन्याय कळतो. खलनायक दाखवून वेळ मारून नेणं सोपं होतं. पण इथे खलनायक आहे तो रिवाज. काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. प्रत्यक्ष आयुष्यातही त्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचं मोठं काम केलं. पटकथा लिहायला खुद्द कादंबरीकारच होते, त्याचाही हा गुण असेल. आज कुणी म्हणालं की प्रेक्षकांना झेपणार नाही म्हणून आम्ही नायिकेला मऊ केलं, तर त्याला खुशाल 'कुंकू'चं साल सांगा.

आई एक, सिनेमे दोन

आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची 'श्यामची आई'. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं. बेचाळीस रात्रींच्या त्या आठवणी. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर सिनेमा काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक १९५४ साली याच मराठी चित्रपटाने पटकावलं. आईच्या भूमिकेत वनमालाबाई. सोहराब मोदी यांच्या 'सिकंदर'मधली ती रूपवती नायिका इथे जुनेरं नेसून उभी राहिली आणि महाराष्ट्राची आई झाली! पुढे २०२३ साली सुजय डहाके यांनी तीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली, तीही मुद्दाम कृष्णधवल रंगात. त्यात ओम भूतकर यांनी साने गुरुजींची भूमिका केली.

पुन्हा कशाला काढायचा, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला तसं वाटत नाही. चांगली गोष्ट दर पिढीला नव्याने सांगावीच लागते. माझं म्हणणं वेगळंच आहे. 'श्यामची आई' म्हटलं की आपल्याला आठवते ती फक्त सोशिक, प्रेमळ माउली. पण पुस्तक पुन्हा उघडून बघा. ती पोहायला घाबरणाऱ्या श्यामला शिपटीने फोडून काढते. वसुलीला आलेला माणूस वाटेल ते बोलतो तेव्हा भडकून त्याला सुनावते. कर्जाने घर कसं खचतं, हे तिला नवऱ्याआधी कळतं. ही नुसती सोसणारी बाई नव्हे, विचार करणारी बाई आहे. आपण तिला डोळे पुसता पुसता बघतो आणि तिचा राग विसरून जातो. पडद्यावर आई आली की आपलं असंच होतं. हा दोष काही सगळाच सिनेमावाल्यांचा नाही!

नाचवलं, पण भेटवलं

'देवदास'बद्दल माझं मत ऐकून काही जणी रागावतील. शरदबाबूंची ही बंगाली कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. २००२ साली संजय लीला भन्साळी यांनी त्या दोघींना भेटवलं, एवढंच काय, जमीनदाराच्या वाड्यात एकत्र नाचवलं. केवढा गहजब झाला होता! पटण्यासारखं नाही हे खरंच. त्या काळची जमीनदारीण सगळ्यांसमोर अशी नाचेल होय?

पण मला त्या नाचाआधीची भेट आवडते. एकाच पुरुषापायी होरपळलेल्या दोन बायका एकमेकींचा दुस्वास न करता बोलतात. आपल्या सिनेमांतल्या दोन बायका समोरासमोर आल्या की झिंज्या उपटतात, नाहीतर एक जण दुसरीसाठी मरून जाते. इथे तसं होत नाही. पुस्तकात नसलेला प्रसंग घालूनही पुस्तकातल्या बायकांचा मान वाढवता येतो, तो असा. दागिने आणि झुंबरं थोडी कमी असती तर आणखी बरं झालं असतं, इतकंच.

येसूबाईंची पुढची गोष्ट

अलीकडचं उदाहरण 'छावा'चं. शिवाजी सावंत यांची १९७९ सालची कादंबरी, लक्ष्मण उतेकर यांचा फेब्रुवारी २०२५ मधला हिंदी सिनेमा. विकी कौशल संभाजी महाराज आणि रश्मिका मंदाना येसूबाई. ट्रेलरमधलं लेझीम पाहून आक्षेप आले आणि तो भाग सिनेमातून काढला गेला, हे तुम्हाला आठवत असेल. चार-आठ दिवस सगळीकडे तेवढीच चर्चा.

लेझमीवर एवढं बोललो, पण येसूबाईंवर किती बोललो? संभाजी महाराजांनी ज्यांना 'श्री सखी राज्ञी जयति' असा शिक्का दिला, त्या येसूबाई. १६८९ साली महाराजांची हत्या झाली, मोगलांनी रायगडाला वेढा घातला. त्या वेळी आपल्या मुलाचा हट्ट न धरता त्यांनी राजाराम महाराजांना पुढे केलं, गडाबाहेर काढलं आणि स्वतः लहानग्या शाहूसह कैद पत्करली. सुटका झाली १७१९ साली. तीस वर्षं, मैत्रिणींनो! सिनेमा संपतो तिथे या बाईची गोष्ट सुरू होते. महाराजांच्या बलिदानाचा सिनेमा तिथेच संपणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेर पडताना माझ्या मनात आलं ते हेच, की आता पुढचा सिनेमा त्या तीस वर्षांवर कुणीतरी काढा.

आणि आता सीता

म्हणूनच येणाऱ्या 'रामायणा'कडे माझे डोळे लागले आहेत ते युद्धासाठी नव्हे. रामकथेशी आपल्या सिनेमाचं नातं फार जुनं. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला तेव्हा बायका पडद्यावर यायला तयार नसत. अण्णा साळुंके या एकाच नटाने रामही केला आणि सीताही! त्यानंतर १९४३ साली विजय भट्ट यांचा 'रामराज्य' आला, शोभना समर्थ सीता झाल्या. गांधीजींनी पाहिलेला सिनेमा म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण लक्षात ठेवायचं ते हे की त्यात सीतेचा दुसरा वनवास, तिला एकटीला टाकणं, हाच विषय होता. रामानंद सागर यांची मालिका १९८७ साली सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. आणि २०२३ सालच्या 'आदिपुरुष'ची तर भाषाच अशी होती की प्रदर्शनानंतर संवाद बदलावे लागले.

आपल्या मराठी बायकांजवळ रामायण आधीपासून आहे, आणि ते आपलं स्वतःचं आहे. जात्यावरच्या ओव्यांमधून आपल्या पणज्यांनी सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा गायला. रामाच्या राज्याभिषेकापेक्षा त्यांना सीतेचं रानातलं बाळंतपण जवळचं वाटलं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या 'गीतरामायणा'ची छप्पन्न गाणी आपल्याला तोंडपाठ, आणि त्यातली सीता माणिक वर्मा यांच्या आवाजातली. अशा घरांतून आलेली प्रेक्षक केवळ उडत्या रथांवर समाधान मानणार नाही, हे सिनेमावाल्यांनी लक्षात ठेवावं.

माझ्या मागण्या फार नाहीत. सीता नुसती रडणारी नको. वनात येण्याचा निर्णय तिने स्वतः वाद घालून घेतलेला आहे, तो वाद दिसू दे. अशोकवनात तिने रावणाला धुडकावलं ते कुणाच्या जिवावर नव्हे, तर स्वतःच्या. आणि उर्मिलेला चार वाक्यं तरी असू द्यात. चौदा वर्षं घरात राहून वनवास भोगलेली ती बाई. तिच्यासाठी मैथिलीशरण गुप्त यांना 'साकेत' लिहावंसं वाटलं, तर तीन तासांच्या सिनेमात तिला पाच मिनिटं मिळायला काय हरकत आहे?

गंमत म्हणजे त्या 'ओडिसी'तही अशीच एक बाई आहे. पेनेलोपी तिचं नाव. नवरा वीस वर्षं परत आलेला नाही, दारात लग्नाला टपलेले पुरुष बसलेले. हे विणून झालं की लग्न करीन, असं सांगून ती दिवसभर माग चालवते आणि रात्री तेच वस्त्र उसवते. म्हणजे काय, वाट बघणं हे निमूट बसणं नव्हे, तेसुद्धा काम आहे आणि त्याला डोकं लागतं! हे कुठल्याही देशातल्या बाईला सांगावं लागत नाही.

सिनेमाला जाण्यापूर्वी आणि नंतर

आता थोडं व्यवहाराचं.

पुस्तक आधी वाचावं की सिनेमा आधी बघावा? माझा साधा नियम असा: रहस्यकथा असेल तर सिनेमा आधी, मनाची गोष्ट असेल तर पुस्तक आधी. 'यही सच है' तर एका दुपारी वाचून होते. जाड कादंबरी असेल तर चार-पाच मैत्रिणींनी मिळून वाचनालयातून आणावी, आठ-आठ दिवस वाटून घ्यावी आणि मग एकत्र सिनेमाला जावं. भिशीच्या दिवशी गप्पांना विषय मिळतो तो वेगळाच. रामायण बघण्याआधी ताराबाई भवाळकर यांचं 'सीतायन' मिळालं तर जरूर वाचा.

मुलांना न्यायचं असेल तर प्रमाणपत्र बघायला विसरू नका. २०२४ सालापासून 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन गट केले आहेत. ऐतिहासिक म्हणजे मुलांसाठी चांगलाच, असं धरून चालू नका. 'छावा'चा शेवट पाहून लहान मुलं घाबरून रडली असतील तर त्यात नवल नाही.

घरात सासूबाई, आई असतील तर त्यांनाही न्या आणि परत आल्यावर विचारा, त्यांनी ही गोष्ट कुणाकडून ऐकली, कशी ऐकली. सिनेमापेक्षा चांगलं काहीतरी ऐकायला मिळण्याचा संभव असतो!

आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. गोष्टीतली बाई काही ठरवते का, की तिच्यावर सगळं नुसतं कोसळतं? तिला चांगली ठरवण्यासाठी दुसऱ्या कुणाला मुद्दाम वाईट केलं आहे का? आणि पुस्तकात ती जे बोलली, ते पडद्यावर तिच्याच तोंडी आहे, की ते नायकाला देऊन टाकलं?

या तिन्हींची उत्तरं मनासारखी आली नाहीत, तर तसं मोकळेपणी बोला. घरी बोला, मैत्रिणींत बोला. "आपल्याला काय कळतंय त्यातलं" असं म्हणून गप्प बसू नका. तिकिटाचे पैसे आपण मोजलेले असतात, आणि गोष्टी तर आपल्याच आया-आज्यांनी जपलेल्या असतात. नवरा म्हणेल, "एवढं काय, सिनेमाच तर आहे!" त्याला चहा द्या आणि सांगा, की पुढच्या पिढीतल्या कितीतरी मुली सीतेला, येसूबाईंना आणि सुलभाला पुस्तकात भेटणार नाहीत, पडद्यावरच भेटणार आहेत. तेव्हा तिथे त्या पुऱ्या भेटायला हव्यात, अर्ध्यामुर्ध्या नकोत.